चिमणीला चुना लावताना

मार्चमध्ये बर्फ वितळला की घराच्या मागच्या अंगणात लाल पापुद्रे सापडायचे. बोटाच्या पेराएवढे, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खरबरीत. दोन वर्षं मी ते मुकाट झाडून टाकले. कुणाची तरी कुंडी फुटली असेल, असं समजून. तिसऱ्या वर्षी झोपायच्या खोलीच्या छताला, चिमणी जिथून वर जाते त्या कोपऱ्यात, चहाच्या बशीएवढा पिवळट डाग उमटला. तेव्हा कुठे अंगणात उभं राहून मान वर करून नीट पाहिलं. चिमणीच्या ईशान्येकडच्या विटा सोलल्या होत्या. विटांमधले सांधे मात्र धडधाकट, विटांच्या पुढे आलेले, म्हाताऱ्या हातावर शिरा दिसाव्यात तसे. मला ते बघून उलट बरंच वाटलं. म्हटलं, सांधे तरी मजबूत आहेत! खरं दुखणं तेच होतं, हे कळायला पुढचं दीड वर्ष गेलं.

आम्ही ग्लॉस्टरला राहतो. मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या उत्तरेला केप ॲन म्हणून भूशिर आहे तिथलं हे १६२३ पासूनचं मासेमारीचं बंदर. मी वेंगुर्ल्याची, त्यामुळे धक्क्यावरचा वास आला आणि घर पसंत पडलं. बाकीची कारणं नवऱ्याने नंतर जुळवली. घर लाकडी, १९२०च्या दशकातलं. चिमणी विटांची आणि तिच्या पोटात धूर वर नेणारे दोन नळ: एक बैठकीतल्या फायरप्लेसचा, दुसरा तळघरातल्या, तेलावर चालणाऱ्या बॉयलरचा. आपल्याकडे चिमणी म्हटलं की एक तर पाखरू, नाहीतर रॉकेलची, नाहीतर गॅसच्या वरची भोंभों करणारी. विटांच्या चिमणीशी माझा संबंध त्याआधी कौलांच्या कारखान्याच्या धुराड्यापुरताच होता.

पहिला आला तो सगळी कामं करणारा एक माणूस. छपरावर चढला, चिमणीच्या बुडाशी डांबर फासलं, साडेचारशे डॉलर घेऊन अर्ध्या तासात गेला. डाग वाळला, आम्ही खूश. ऑक्टोबरमध्ये पहिलं नॉरईस्टर आलं, म्हणजे ईशान्येकडून घोंघावत येणारं इथलं वादळ. त्यात पाऊस पडत नाही, आडवा येतो. डाग बशीचा ताट झाला.

त्या रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर चिमणी दाखवली. बाबा गवंडी नाहीत, शाळामास्तर होते, पण जांभ्याचं जुनं घर चाळीस वर्षं सांभाळलेला माणूस. फोन इकडे कर, तिकडे कर, करत त्यांनी विटांवरचा पांढरा फुलोरा हेरला.

"लोणो लागलोहा तेका," ते म्हणाले. लोणा म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारं मीठ. मग जरा थांबून, "सिमेंट कित्याक मारल्यानी गो? चुनो खंय असा?"

मी म्हटलं, बाबा, ही अमेरिका आहे, इथे चुना नाही लावत. एवढ्यावर विषय बदलला.

हिवाळा बादल्या ठेवून काढला. जूनमध्ये चिमणी साफ करणाऱ्या, रीतसर प्रमाणपत्र असलेल्या माणसाची वेळ मिळाली, ती जुलैची. तो आला, फायरप्लेसपुढे गुडघे टेकले, वरची झडप जरा ढकलली, आणि आतून असा कलकलाट झाला की आमचा मुलगा सोफ्यावर चढला. त्या माणसाने झडप हलकेच परत लावली आणि हसत म्हणाला, आता हा नळ ऑगस्टअखेरपर्यंत तुमचा नाही.

पाकोळ्या होत्या. चिमणीत घर करणारी इथली जात. काटक्या लाळेने चिकटवून आतल्या खडबडीत भिंतीला अर्ध्या बशीसारखं घरटं लावतात, हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेत जातात. स्थलांतरित पक्ष्यांचा १९१८चा कायदा आहे. अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढता येत नाही, आणि त्या माणसाला काढायचंही नव्हतं. महिनाभर संध्याकाळी बातम्या बघताना भिंतीतून पिल्लांचा गोंगाट ऐकू यायचा. दमट दिवशी त्याच झडपेतून ओल्या काजळीचा वासही यायचा. तो मी आजवर तळघराचा समजत होते.

त्याने मग दुसऱ्या, बॉयलरच्या नळात कॅमेरा सोडला. इथे चिमणीच्या तपासणीच्या तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली वरवरची, दुसरीत कॅमेरा, तिसरीत तोडफोड करून बघणं. घर विकताना-घेताना दुसरी करायला हवी, असं नियमावली सांगते. आम्ही घर घेतलं तेव्हा तपासनिसाने टॉर्च मारून 'ठीक' लिहिलं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलं ते असं: भाजक्या मातीच्या नळ्या एकावर एक रचलेल्या, त्यांच्या सांध्यांतला माल गळून गेलेला, एक नळी उभी तडकलेली आणि तिचा टवका खाली पडून धुराची वाट अर्धी अडवून बसलेला. तेलाच्या धुरात गंधक असतं. ओल मिळाली की त्याचं आम्ल होतं आणि ते सांधे आतून खातं. म्हणजे चिमणी बाहेरून मिठाने आणि आतून आम्लाने झिजत होती. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात होता (या राज्यात तो २००६ पासून सक्तीचा आहे), वाजला नव्हता. तरी त्याने बॉयलर बंद करायला लावला.

नऊ दिवस गरम पाणी नव्हतं. पातेल्यात पाणी तापवून, बादलीत विसण घालून आंघोळी. नवरा पुण्याचा, त्याला बंबाची आठवण येऊन भरून आलं. बंबालासुद्धा चिमणी असते, आणि ती बारा महिने कुणी न बघता चालते, हे त्याने मला रोज ऐकवलं.

नवा नळ आत सोडायचा तर नगराच्या बांधकाम खात्याचा परवाना लागतो. तो चार दिवसांत मिळाला. नळ स्टेनलेस स्टीलचा. इथे एक गोष्ट मी हट्टाने करून घेतली. स्वस्त दराच्या कागदावर ३०४ प्रतीचं स्टील लिहिलं होतं, मी ३१६ मागितलं. ३१६मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, त्यामुळे खाऱ्या हवेत त्याला टोचे पडत नाहीत सहसा. वेंगुर्ल्यात खिडकीचे गज पाच वर्षांत कसे होतात ते पाहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. चिमणीवरची जुनी टोपी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची होती. ती काढताना हातातच कुस्करली.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पाकोळ्या गेल्या. तोच माणूस परत आला आणि त्याने पाणी नेमकं कुठून येतं ते शोधायला बागेची नळी छपरावर नेली. मी माळ्यावर, टॉर्च घेऊन, फोन कानाला. नियम असा की खालून सुरुवात करायची आणि हळूहळू वर सरकायचं. एकदम वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडूनच ओघळतं आणि काही कळत नाही. बुडाशी पंधरा मिनिटं पाणी. माळ्यावर कोरडं! डांबर धरून होतं की. मग मधल्या विटा, पंधरा मिनिटं: विटांचा रंग गडद झाला, थेंब नाही. मग अगदी माथा. सहा मिनिटांनी एका तुळईच्या कडेला काळसर थेंब जमला, लोंबला आणि माझ्या मनगटावर पडला. गार, आणि वास कोळशाचा. मी ओरडलेच.

माथ्यावर काँक्रीटचं जे झाकण असतं, त्याला इथे क्राउन म्हणतात. आमचं झाकण म्हणजे उरलासुरला माल थापीने पसरलेला, कडेला विटांशी बरोबर संपवलेला, आणि तीन ठिकाणी तडकलेला. पाणी तड्यांतून आत आणि कडेवरून सरळ विटांवर. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पागोळी नाय ता छप्पर कसला?" आता यापुढे मी वाद घातला नाही.

गवंडी शोधायला तीन दर मागवले. पहिला २९०० डॉलर: ग्राइंडरने सांधे कापू, सिमेंटने भरू, वरून वॉटरप्रूफ रंग. तिसरा १९ हजार: छपराच्या वरची चिमणी पाडून नवी. मधला ८६०० डॉलर, साठी उलटलेला, अझोर्स बेटांवरून आलेल्या कुटुंबातला पोर्तुगीज गवंडी. ग्लॉस्टरला कोळीकामासाठी आलेली अशी बरीच घराणी आहेत. तो शिडीवर चढला आणि त्याने मला खालून बघायला लावलं. खिशातून एक खिळा काढला, विटेवर ओढला. लाल रेघ उमटली. सांध्यावर ओढला. काही नाही, खिळाच चकाकला.

त्याचं म्हणणं, विटेपेक्षा सांधा नेहमी मऊ हवा. वीट भिजते, वाळते, गोठते. ती हलते तेव्हा सांध्याने दबायचं असतं आणि ओल सांध्यातून बाहेर पडायची असते. शंभर वर्षांपूर्वीच्या या मऊ विटांमध्ये आधीच्या कुणीतरी कडक सिमेंट कोंबलं आणि वरून चकचकीत सीलरचा थर दिला. झालं, ओलीला वाट उरली विटेतूनच. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, मीठ आत स्फटिक होऊन ढकलतं, आणि विटेचा चेहरा गळून माझ्या अंगणात येतो. खिळ्याच्या त्या रेघेत मला दोन वर्षांचे पापुद्रे दिसले. आणि बाबांचा प्रश्नही.

मी विचारलं, चुना घालणार का? तो म्हणाला, घालणारच. बाबांना हवा होता निव्वळ चुना. गवंड्याने मान हलवली: चिमणीचं टोक, एवढा वारा, आणि दंव यायला पाच-सहा आठवडे, निव्वळ चुना तेवढ्यात धरणार नाही. मालाचं प्रमाण ठरलं एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. पाकोळ्या जाईपर्यंत काम सुरू करता येत नव्हतं आणि पारा चार अंशांच्या खाली गेला की संपलं. हाताशी सप्टेंबर तेवढा. आधीच्या मालकाला कुणीतरी सिमेंट लावून चुना लावला होता, आणि आता खरा चुना लावून घ्यायला आम्ही पैसे मोजत होतो.

परांची बांधून काम बारा दिवस चाललं. ग्राइंडर त्याने आणलाच नाही. उभ्या सांध्यांत तो विटांच्या कडा खातो म्हणे. छिन्नी-हातोडीने सांधे रुंदीच्या दुप्पट-अडीचपट खोल उकरले. वरचे सात थर उतरवून जुन्या, तशाच मऊ विटांनी परत रचले. बुडाचं डांबर खरवडून, छप्पर आणि चिमणी यांच्या मधून पाणी शिरू नये म्हणून तिथे तांब्याच्या पत्र्याच्या पायऱ्या बसवल्या, खिळेही तांब्याचे, कारण तांब्यात लोखंडी खिळा ठोकला तर खारी हवा आधी तो खिळा खाते. एकदा वरून त्याने मदतनिसाला हाक मारली, "बाल्द!" पोरगा गोंधळला, मी मात्र खालून बादली उचलून दिली. पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेला शब्द त्यांनाच परत. त्याने मला पोर्तुगीज येतं असं गृहीत धरलं आणि पुढचे दहा दिवस मी नुसती मान डोलावली.

क्राउन नवा ओतला तो विटांच्या बाहेर दोन इंच काढून, खालच्या अंगाला पन्हळ देऊन, म्हणजे पाणी तिथेच तुटून थेंब खाली. पागोळी! फोटो वेंगुर्ल्याला गेला. तिकडून अंगठा आला.

सांधे एकदम वाळू नयेत म्हणून त्यावर ओली गोणपाटं टांगली. चार दिवस आमची चिमणी गोणपाट नेसून उभी होती. शेजारीण विचारून गेली, हा काही धार्मिक विधी आहे का. आमच्याकडे पावसाळ्याआधी भिंतीला झावळांची झापं बांधतात, हे तिला सांगायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

ऑक्टोबरच्या वादळात रात्री दोन वाजता मी माळ्यावर जाऊन बसले. तुळईवर हात फिरवला. कोरडी. पुन्हा चारला गेले. नवरा म्हणाला, आता तिथेच अंथरूण टाक.

एक काम राहिलं होतं: विटांवर सिलोक्सेनचा हात. हे सीलरसारखं पडदा धरत नाही, पाणी बाहेर ठेवतं आणि वाफ जाऊ देतं. पण नव्या सांध्यांना महिनाभर तरी द्यायला हवा आणि तोवर थंडी आली, म्हणून ते एप्रिलवर गेलं. यंदा बर्फ वितळल्यावर अंगणात एकच पापुद्रा सापडला. तो जुना असावा, असं मी ठरवलंय.

दोन्ही नळांवर आता ३१६च्या जाळीच्या टोप्या आहेत. मे महिन्यात संध्याकाळी दोन पाकोळ्या आल्या. चिमणीभोवती गोल गोल फिरल्या, जाळीपाशी येऊन पंख फडफडवले, पुन्हा वर गेल्या. असं तीन संध्याकाळी. मुलगा माझ्याशी बोलेना. शेवटी नवऱ्याने पाकोळ्यांसाठी लाकडी मनोरा कसा बांधतात त्याचे नकाशे छापून आणले. बारा फूट उंच, आतून खडबडीत. त्याला पाया काँक्रीटचा लागतो. बाबांना अजून सांगितलेलं नाही.