एचआयव्ही प्रतिबंधक गोळी आणि विम्याचा फॉर्म

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून निरोगी माणसाने घ्यायची गोळी, जिला दवाखान्यात 'प्रेप' म्हणतात, आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत अजून फारशी कोणाला ठाऊक नाही. नात्यातील एका तरुणाला ती सुरू झाली, तेव्हा औषधापेक्षा आयुर्विम्याचाच विचार आम्हाला अधिक करावा लागला. त्याची पत्नी एचआयव्हीबाधित आहे, तिचे एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारे, उपचार नुकतेच सुरू झाले आहेत आणि तिच्या रक्तातील विषाणू औषधाने पुरते दबेपर्यंत डॉक्टरांनी त्याला ही गोळी रोज घ्यायला सांगितली आहे.

घोळ गोळीतील घटकांपासूनच सुरू होतो. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही तिच्यातील औषधे तिसऱ्या औषधाच्या जोडीने बाधितांच्या उपचारातही वापरली जातात आणि टेनोफोविर तर हिपॅटायटिस बीसाठीही देतात. त्यामुळे विमा कंपनीत नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पाहणाऱ्याला अर्जदार रुग्णच वाटू शकतो. वस्तुतः गोळी सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह यावीच लागते आणि पुढे दर तीन महिन्यांनी ती पुन्हा करतात. म्हणजे आपण निगेटिव्ह असल्याचा इतका ताजा कागद गावात दुसऱ्या कोणाकडे क्वचितच असेल. अमेरिकेत या गोळीला 2012 मध्ये मान्यता मिळाली, तरी ती घेतो एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारले जात असल्याने न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाला 2018 मध्ये विमा कंपन्यांना तशी मनाई करावी लागली.

आमच्याकडे अडचण त्याआधीच, ओसरीवर उभी राहते. कापसाचे चुकारे हाती आले की एजंट घरी येतात, फॉर्म तेच भरतात आणि प्रकृतीच्या प्रश्नांपुढे एका दमात 'नाही' लिहून सहीची जागा दाखवतात. आमच्या या तरुणाने गोळीचा विषय काढला, तेव्हा त्याला उत्तर मिळाले, "काहून लिहतं भाऊ, केस अडकते ना!" एजंटाला केस अडकण्याची काळजी असते, दावा अडकला तर तो निस्तरायला घरची बाई उरते. अनेक फॉर्मांत आठवड्याहून अधिक चाललेल्या उपचारांबद्दल आणि एचआयव्हीसंबंधीच्या सल्ल्याबद्दल व चाचण्यांबद्दलही विचारलेले असते, त्यामुळे 'मी तर निरोगी आहे' असे मनाशी म्हणून तिथे 'नाही' लिहिणे मला धोक्याचे वाटते. त्याने 'होय' लिहिले, गोळी प्रतिबंधासाठी असल्याचे डॉक्टरांचे पत्र, निगेटिव्ह अहवाल आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिन या रक्तचाचणीचा अहवालही जोडला, कारण टेनोफोविरचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो आणि कंपनी ते पाहणारच. भरलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, हे उत्तम केले.

कायद्याची बाजू त्याच्यासाठी बरी आहे. 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला, विमाशास्त्रीय अभ्यासाचा (जोखमीच्या आकडेशास्त्रीय हिशेबाचा) आधार नसताना विमा नाकारणे किंवा त्यात अन्यायकारक वागणूक देणे हा भेदभाव मानतो. हे संरक्षण केवळ बाधितांना नाही, तर त्यांच्यासोबत राहणाऱ्यांनाही आहे, म्हणून बाधित पत्नीचा निगेटिव्ह नवरा त्यात बसतो. घरात कोणी बाधित नसताना गोळी घेणाऱ्याचा उल्लेख मात्र कायद्यातील संरक्षित व्यक्तीच्या व्याख्येत नाही, आणि ही उणीव मला खटकते.

विमा कायद्याच्या कलम 45 नुसार तीन वर्षे उलटल्यावर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. याचा अर्थ 'तीन वर्षे दडवले की झाले' असा लावणारे लोक आमच्या भागात पुष्कळ आहेत. परंतु मृत्यू काही ती तीन वर्षे संपण्याची वाट पाहत नाही. शिवाय ही मुदत पॉलिसी निघाल्याच्या तारखेपासूनच मोजली जाते असे नाही. नापिकीच्या वर्षी हप्ता थकतो, पॉलिसी बंद पडते आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा चालू करताना प्रकृतीची घोषणा नव्याने मागितली जाऊ शकते. त्या तारखेपासून तीन वर्षे परत सुरू होतात. ज्याची पॉलिसी जुनी आहे आणि गोळी मागाहून सुरू झाली, त्याला आपण होऊन कंपनीला कळवावे लागत नाही, पण एकदा हप्ता चुकला की तोच प्रश्न त्याच्याही पुढे येतो. म्हणून आमच्या तरुणाने हप्ता वार्षिक ठेवला आणि त्याची तारीख चुकारे मिळण्याच्या दिवसांत घेतली.