पत्ता : ५६ एपीओ

जून १९९७ मध्ये पाचवीला मी आपल्या शाळेत आले, ती थेट अंबाल्याच्या केंद्रीय विद्यालयातून. त्याआधी बेळगाव, झाशी झालं होतं. पप्पा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार. पलटण फील्डला, म्हणजे घरच्यांना बरोबर नेता येत नाही अशा ठिकाणी, काश्मिरात निघाली तेव्हा आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन गावी आली. बरोबर पप्पांचं नाव-नंबर रंगवलेल्या काळ्या ट्रंका.

केंद्रीय विद्यालयात सगळेच बदलीवाले, त्यामुळे नव्या पोराचं कुणाला अप्रूप नसायचं. इथे वर्गातली मुलं पहिलीपासून एकत्र. मी पाढे हिंदीत म्हणायचे आणि वर्ग हसायचा. मराठीच्या बाईंनी सहामाहीपर्यंत माझ्या शुद्धलेखनाला मार्कच दिले नाहीत. नुसत्या चुका दुरुस्त करून वही परत द्यायच्या. त्याची किंमत मला फार उशिरा कळली.

सहावीत मी नकाशात ५६ एपीओ शोधत होते. पप्पांच्या पत्रांवर तेवढंच असायचं. भूगोलाच्या सरांनी नकाशा मिटवला आणि सांगितलं, "अगं, ते गाव नव्हे. फौजेच्या टपालाचा नंबर आहे. पलटण कुठंय ते कुणाला कळू नये आणि पत्र मात्र पोचावं, म्हणून." मग आंतरदेशीय पत्रावर तो पत्ता मीच लिहायला लागले.

१९९९ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कारगिल पेटलेलं होतं. परिपाठात बातम्या वाचायची पाळी मुलांची असायची. पहिल्याच आठवड्यात हेडसरांनी सांगितलं, पेपर आधी त्यांच्याकडे द्यायचा. कुठल्या बातम्या वाचायच्या त्यावर ते खूण करून देत. टेकड्या जिंकल्याच्या बातम्या आम्ही ऐकल्या, शवपेट्यांच्या नाही. घरी टीव्हीवर सगळं दिसतच होतं. पण सकाळचा तो अर्धा तास तरी, बाप सरहद्दीवर असलेल्या आम्हा मुलांकडे वळून कुणी बघत नसे.

आपल्या सातारा जिल्ह्याला फौजेचा अभिमान आहे आणि तो असावाच. अपशिंगे गावाच्या नावापुढे मिलिटरी लागतं ते उगीच नाही. पण बाप घरी नसतो म्हणून पोरांचे हाल होतात, एवढंच लोक धरून चालतात. मला विचाराल तर नसण्याची सवय होते. आई शेत बघायची, लाइट बिल भरायची, आजीचं दुखणं काढायची; प्रगतिपुस्तकावर सहीही तिचीच. घराला चाल बसलेली असायची. अवघड जायचं ते पप्पा सुट्टीवर आल्यावर. पहिले चार दिवस सण. मग ते पहाटे पाचला सगळ्यांना उठवायचे, अंथरुणाच्या घड्या तपासायचे, आईने लावलेली घडी मोडायचे. आई गप्प व्हायची. धाकट्याने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "पप्पा परत कधी जाणार?" पप्पा हसले, पण त्या रात्री जेवले नाहीत. त्यांची बाजू मला तेव्हा दिसत नव्हती: वर्षभर ज्या घरासाठी दिवस मोजले, त्या घरात त्यांना बसायला जागाच उरली नव्हती.

मी नववीत असताना, डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. फौज सरहद्दीवर गेली ती पुढच्या ऑक्टोबरपर्यंत. युद्ध झालंच नाही, त्यामुळे गावाला त्याचं काही वाटलं नाही. पण पप्पांची ठरलेली सुट्टी रद्द झाली, आणि चांगले मार्क मिळवणारा माझा भाऊ वर्गात मारामाऱ्या करायला लागला. वर्गशिक्षकांनी त्याला शिक्षा करायचं सोडून खो-खोच्या संघात घातलं. संध्याकाळी दमून यायचा, जेवून झोपायचा. आईला तेवढाच आधार.

२००३ मध्ये माझी दहावी झाली आणि पप्पा पेन्शनवर कायमचे घरी आले. बँकेत गार्डची नोकरी धरली. भावाचं आणि त्यांचं जमायला आणखी तीन-चार वर्षं लागली. तोवर एकाच घरात राहून दोघांचे निरोप माझ्यामार्फत जायचे.