तुम्ही विचारलंत म्हणून: अंदाज चुकला तरी मी गप्प का राहते?

पहिली-दुसरीच्या मुलांना चित्रपुस्तक वाचून दाखवताना मी पान उलटण्याआधी थांबते आणि पुढे काय होईल, असे विचारते. एखाद्याने भलतेच काही सांगितले तरी मी ते दुरुस्त करीत नाही. ते पाहून पालक हमखास विचारतात, की मुलाचे चुकते आहे हे दिसत असताना तुम्ही गप्प का राहता?

पॅट हचिन्स यांचे १९६८ सालचे 'रोझीज वॉक' हे पुस्तक समोर ठेवले, तर उत्तर देणे मला सोपे जाते. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढेच त्यात शब्दांनी सांगितले आहे. मूळ इंग्रजी मजकूर अवघा ३२ शब्दांचा असून कोल्ह्याचा उल्लेख त्यात एकदाही येत नाही. कोल्हा आहे तो फक्त चित्रांत. तो झेप घेतो तेव्हा समोर जमिनीवर दंताळे पडलेले असते आणि पान उलटले, की त्याचा दांडा कोल्ह्याच्या नाकावर आदळतो. पुढे तळे, गवताची गंजी, गिरणी अशी ठिकाणे येतात आणि फजिती पुढच्या पानावर होते.

आता 'कोल्हा कोंबडीला खाणार' असे मूल म्हणाले, तर त्याला चूक कसे ठरवावे? कोल्हा कोंबडी पळवतो हे त्याने ऐकलेले असते आणि त्या ज्ञानावरच ते बोलत असते. मी फक्त 'कशावरून?' एवढेच विचारते. मग ते चित्र पुन्हा निरखते, शेजारचे कोणी दंताळ्यावर बोट ठेवते आणि पहिले मूल आपला अंदाज बदलते किंवा हट्टाने तसाच धरून बसते. मला दोन्ही चालते, कारण निवाडा पुढचे पान करणारच असते. मीच उत्तर सांगू लागले, तर मुले चित्राऐवजी माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागतील. दोन-तीन फजित्यांनंतर, मजकुराच्या पानामागून बिनशब्दांचे पान येते आणि कोल्हा तिथे आपटतो, ही रचनाच मुलांच्या ध्यानात येते; माझ्या मते खरी मजल ही आहे.

अर्थात दर पानाला थांबणे जाचक होते आणि गोष्टीचा रसभंग करते (तपासनीस आल्यासारखे प्रश्न विचारणारी मोठी माणसे मुलांना नकोशी होतात, हे वेगळेच). तीन-चार मोक्याच्या जागा पुरेत. दुसऱ्या वाचनात तर 'काय होईल?' याला अर्थच उरत नाही. तेव्हा 'हे आधी कुठे दिसले होते?' असे विचारावे.

मात्र छापलेला शब्द चित्रावरून ठोकून देणे हा निराळा प्रकार आहे. 'तळे' असे लिहिलेले असताना मूल चित्र पाहून 'पाणी' म्हणाले, तर मी त्याला अक्षरांकडे वळवते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचा मेळ बराच सरळ असल्याने शब्द अक्षरांवरूनच वाचायला हवा. ती चूक मी तिथल्या तिथे दुरुस्त करते.