पट्टे कुठून सुरू होतात?

परवा रात्री बाथरूमच्या चौकटीवर साप दिसला आणि मी पटकन स्टुलावर चढलो. साप वरती, आणि मी स्टूल घेऊन अजून त्याच्या जवळ. असो.

सर्पमित्राला फोन लावला तर त्याचा पहिला प्रश्न, "पट्टे कुठून सुरू होतायत?" आता काळपट अंगावर पांढरे पट्टे एवढं दिसलं होतं, मनात मण्यार हा शब्द उमटला होता आणि त्यानंतर डोळ्यांनी काम करणंच बंद केलं होतं. म्हणलं, "सगळीकडून." तो हसला नाही बिचारा. लांब उभे राहा, नजर ठेवा, येतोच म्हणाला.

मग लांबूनच मोबाईलचा टॉर्च मारून नीट बघितलं. मानेवर पिवळसर पांढरी कॉलर, तिथे पट्टे दाट आणि शेपटीकडे जाता जाता विरत गेलेले, पेनातली शाई संपत यावी तसे. डोकं चपटं, डोळे काळेभोर आणि जरा बाहेर आलेले. म्हणजे कवड्या, बिनविषारी. विषारी मण्यारीचं बरोबर उलटं असतं, पट्टे बारीक, बरेचदा जोडीजोडीने, मानेकडे पुसट नाहीतर नसतातच आणि शेपटीकडे ठळक. तिच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ पण असते, पण ती बघायला एवढ्या जवळ कोण जाणार! आणि मण्यारीच्या पिल्लाला पुढेही पट्टे दिसू शकतात, त्यामुळे हे पाठ झालं म्हणून कोणी हात घालायला जाऊ नये. भिंत चढणं मात्र कवड्याची जुनी खोड, पालींच्या मागे लागतो.

तर हा पालीखाऊ प्राणी मण्यारीचे कपडे घालून फिरतो. हेन्री बेट्स नावाच्या माणसाने 1862 साली अॅमेझॉनच्या फुलपाखरांवरून हा प्रकार मांडला होता, की खायला चांगलं असलेलं फुलपाखरू बेचव फुलपाखरासारखं दिसायला लागतं आणि पक्षी त्याच्या नादी लागत नाहीत. मला यातली गंमत ही वाटते की नक्कल हुबेहूब असायची गरजच नाही. बघणारा अर्धा सेकंद बघतो आणि सटकतो, पट्टे कुठून सुरू झाले हे तपासायला थांबत नाही. माझ्यासारखाच.

काहींचं तर फक्त कपड्यांवर भागत नाही, अॅक्टिंग पण लागते. बिनविषारी दिवड चिडली की मान चपटी करून अशी उभी राहते की नागच वाटावा. तसाच बिनविषारी तस्कर मान फुगवतो, अंगाचा इंग्रजी एस करतो, शेपूट थरथरवतो. डुरक्या घोणस हा बिनविषारी साप नुसता पडून राहिला तरी लोकांना विषारी घोणस दिसते, खरं तर त्याचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड आणि बोथट, तर घोणसीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा आणि फुत्कार म्हणजे कुकरची शिट्टी. आफ्रिकेत एक अंडीखाऊ साप आहे, तोंडात दात जवळजवळ नाहीतच, पण अंगाला अंग घासून विषारी फुरशासारखा खरखर आवाज काढतो. आणि अमेरिकेतला हॉगनोज नावाचा साप तर कळस, मान पसरून घाबरवणं जमलं नाही की उताणा पडून जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग घेतो, आणि आपण त्याला सुलटा केला तर परत उताणा होतो! म्हणजे मेलेल्याने उताणंच असलं पाहिजे यावर तो ठाम.

हे सगळं घुबडांपुढे, मुंगसांपुढे कधीकधी चालून जातं. माणसापुढे उलटं होतं. बाकीचे घाबरले की निघून जातात, आपण घाबरलो की काठी आणतो, त्यामुळे कवड्याची नक्कल जितकी झकास तितका तो मरायची शक्यता जास्त.

आमच्या कवड्याला सर्पमित्राने पिशवीत घातलं, तिथेही तो वेटोळं करून डोकं खाली दडवून बसला. तेव्हापासून मी नातेवाईकांत एक्स्पर्ट. काल मावशीने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला, अंधार आणि त्यात एक दोरीसारखं काहीतरी. मी रुबाबात विचारलं, "मावशी, पट्टे कुठून सुरू होतायत?"

"मेल्या, मी दार लावून बाहेर उभी आहे," ती म्हणाली, "तू आधी त्या सर्पमित्राचा नंबर दे."