बंडी सोडली म्हणजे मुक्काम पडला: आरामीतलं ‘श्रा’ हे क्रियापद

आपल्याकडे ‘बंडी सोडली’ म्हटलं की दोन गोष्टी एकदमच कळतात. बैलांच्या गळ्यातली जोती निघाली, आणि आता मुक्काम इथंच. कौंडण्यपूरच्या यात्रेत ‘बंडी कुठी सोडली गा?’ असं कोणी विचारलं, तर त्याला जोत्याच्या गाठीशी काही देणंघेणं नसतं. तुमचा तळ कुठं पडलाय, एवढंच त्याला पाहिजे.

आरामी ही हिब्रूची जवळची, पश्चिम आशियातली जुनी भाषा. तिच्यातल्या ‘श्रा’ या क्रियापदाचं निम्मं व्याकरण या एका प्रश्नात आहे. धातूची (म्हणजे क्रियापदाच्या मुळाची) अक्षरं शीन (श), रेश (र) आणि शेवटी योद (य). हा योद दुबळा, म्हणजे रूपं बनवताना बदलणारा किंवा गळणारा. लिहिताना त्याच्या जागी बहुधा आलेफ हे दुसरं अक्षर दिसतं. कोशात अर्थ ओळीनं तीन येतात: सोडणे, वस्ती करणे, सुरू करणे. शिकणारे ते तीन वेगळे शब्द असल्यासारखे पाठ करतात आणि पहिल्याच उताऱ्यात अडकतात. मुळात अर्थ एकच, गाठ सोडण्याचा. ओझं उतरवलं, जनावरं मोकळी केली, की माणूस तिथं थांबला. थांबला, की राहिला.

याचा पुरावा बायबलमधल्या दानीएलच्या ग्रंथातच सापडतो. या ग्रंथाचा २:४ (अध्याय २, वचन ४) पासून ७:२८ पर्यंतचा भाग हिब्रूत नसून आरामीत आहे. ३:२५ मध्ये राजाला भट्टीत चार माणसं फिरताना दिसतात, ती ‘श्रयीन’ आहेत, म्हणजे बंधनं सुटलेली. त्याआधी २:२२ मध्ये देवाविषयी म्हटलंय की उजेड त्याच्यापाशी ‘श्रे’ आहे. इथं अर्थ ‘वसतो’ असा घ्यावा लागतो. पण रूप बघा: दोन्ही ठिकाणी तेच कर्मणी धातुसाधित विशेषण (‘सोडलेला’सारखं रूप) आहे, एक अनेकवचनी, एक एकवचनी. म्हणजे ‘वसतो’ या अर्थाच्या पोटातही ‘सोडलेला’ हेच रूप बसलंय. उजेडानं आपली बंडी देवापाशी सोडली, असं म्हणायला मला तरी हरकत वाटत नाही.

पाचव्या अध्यायात तर हे क्रियापद मजाच करतं. भिंतीवर लिहिणारा हात बघून तिथल्या (दुसऱ्या) राजाच्या कमरेच्या गाठी ‘सुटतात’ (५:६), म्हणजे त्याची गाळण उडते. मग दानीएलला बोलावतात, कारण तो ‘गाठी सोडणारा’ आहे (५:१२, ५:१६). ‘कित्रीन’ म्हणजे गाठी. इथं त्या अवघड प्रश्नांच्या. ‘कोडं सुटलं’ असं रोज म्हणणाऱ्या मराठी माणसाला इथं टीप लागत नाही.

‘सुरू करणे’ हा अर्थ मात्र साध्या रूपाला सहसा चिकटत नाही. तो येतो ‘पएल’ गणात, म्हणजे क्रियापदाच्या अशा साच्यात, जिथं धातूचं मधलं अक्षर दुहेरी होतं. बायबलमधल्या एज्राच्या ग्रंथात ५:२ मध्ये मंदिर बांधायला ‘शारीव’, म्हणजे त्यांनी सुरुवात केली. मग दुहेरी र कुठं गेला? बायबलच्या आरामीत र दुहेरी होत नाही, म्हणून मागचा अ लांबून आ झाला. स्वरचिन्हं नसलेल्या मजकुरात ही खूणही गायब असते. तेव्हा पुढचा शब्द बघायचा. पुढे ‘ल’ लागलेलं क्रियारूप असेल (इथं ‘ल्‌मिब्ने’, बांधायला) तर ‘सुरू करणे’. गाठ, दोर किंवा बांधलेला माणूस असेल तर ‘सोडणे’. जागा किंवा ‘च्यापाशी’ असेल तर ‘वस्ती करणे’. घाईच्या वाचनाला एवढं पुरतं.

सिरियाकमध्ये, म्हणजे ख्रिस्ती लोकांनी वापरलेल्या आरामीच्या बोलीत, या धातूची पिलावळ मोठी आहे. ‘मश्रीता’ म्हणजे छावणी, ‘शुराया’ म्हणजे आरंभ. ‘म्शर्या’ म्हणजे लकवा मारलेला माणूस, ज्याचे सांधे जणू सुटलेत. पेशित्ता या बायबलच्या सिरियाक भाषांतरात मत्तय ९:२ मधल्या रोग्याला हाच शब्द आहे. लूक १४:१२ मध्ये दिवसाच्या जेवणाला ‘शारूता’ म्हटलंय. आपण उपास ‘सोडतो’, हे आठवलं की तो शब्दही लक्षात राहतो. यहुदी आरामीत ‘शरे’ म्हणजे ज्याला मोकळीक आहे ते, आणि ‘असीर’ म्हणजे बांधलेलं, मनाई असलेलं. मत्तय १६:१९ मधल्या येशूच्या वचनातलं बांधणं आणि मोकळं करणं समजून घ्यायचं तर ही जोडी हाताशी पाहिजे.

मराठीत अडचण दुसऱ्या टोकाला आहे. आपलं ‘सोडणे’ इतकं ऐसपैस, की आरामीची दोन क्रियापदं त्यात मावतात. गाठ किंवा बैल सोडणं म्हणजे ‘श्रा’. टाकून जाणं, मागे ठेवणं, ‘जाऊ दे, सोडून दे’ म्हणत माफ करणं, हे ‘श्बक’. वधस्तंभावरच्या येशूच्या ‘तू मला का सोडलंस’ या हाकेत ‘श्बक’च आहे. ही हाक ग्रीकमध्ये लिहिलेल्या शुभवर्तमानात आहे. ग्रीकमध्ये ‘श’ नाही, म्हणून तिथं तो शब्द ‘स’नं सुरू होतो. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथातल्या ‘गिट्टीन’ या भागात (९:३) घटस्फोटाच्या कागदाला ‘इग्गेरेत शिबूकीन’ म्हटलंय, शब्दशः सोडचिठ्ठी. पण दोन क्रियापदांमधली भिंत फार पक्की समजू नका. बायकोला सोडणं म्हणायला पेशित्ता मत्तय ५:३२ मध्ये ‘श्रा’ वापरते.

आता एक चकवा. ‘शुराया’ ऐकलं की आपलं ‘सुरू’ (हिंदीत ‘शुरू’) आठवतं, आणि लोक लगेच नातं जोडून मोकळे होतात. ते नातं नाही. ‘शुरू’ आला अरबी ‘शुरूअ’ वरून, आणि त्या धातूच्या शेवटी ऐन हे घशातलं व्यंजन आहे, योद नाही. शिवाय आरामीच्या या ‘श’समोर अरबीत ‘स’ येतो: आरामी ‘श्लामा’, अरबी ‘सलाम’. जिथं दोन्हीकडे ‘श’ दिसतो, तिथं आधी संशय घ्यायचा.