रोज सकाळी चपटा होणारा होज

गाडी पहिल्यांदा तापली ती एका लांब चढावर. एरवी मधोमध असणारा तापमानाचा काटा बघता बघता लाल रेघेला टेकला. एसी बंद केला, हीटर फुल केला. हीटरचा कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तोही इंजिनाची उष्णता बाहेर टाकतो, म्हणून अशा वेळी हीटर लावतात. पण आत आली ती गार हवा. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, हे काही केल्या जुळेना.

गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि पाऊण तास बॉनेट उघडून थांबलो. रेडिएटरच्या टोपणाला हातही लावला नाही. आतलं पाणी दाबामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण सैल केलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात उकळून तोंडावर उडतं. हे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायलाच हवं.

गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, बदलून दिला. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा त्याच चढावर काटा वर. दुसऱ्या खेपेला निदान झालं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, पाणी, ऑइल आणि वायू एकमेकांत मिसळू न देणारं पॅकिंग गेलंय, हेड (तो वरचा भाग) उतरवावं लागेल. कारणही पटण्यासारखं होतं. कूलंट (इंजिन गार ठेवणारं मिश्रण) दर आठवड्याला कमी होतंय, गाडीखाली थेंब नाही, म्हणजे इंजिनच ते पितंय. पण हेड उतरवणं म्हणजे अर्धं इंजिन मोकळं करणं. पुराव्याशिवाय मी त्याला होकार देणार नव्हतो.

मग एकेक खूण तपासत गेलो. डिपस्टिकवरचं ऑइल काळपट होतं, पण कुठेही दुधाळ नव्हतं. ऑइल भरायच्या टोपणाखाली साय नव्हती. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो आणि गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणारी रबरी नळी, दगडासारखा टणक होतो. माझा मऊच होता. शेवटी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडाला निळ्या द्रवाची नळी लावून घेतली. कूलंटमधून कार्बन डायऑक्साइड येत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. इंजिन बराच वेळ चालू ठेवलं, रंग निळाच राहिला. गॅस्केटचा विषय माझ्यापुरता तिथे मिटला.

उरला प्रश्न, पाणी जातं कुठे?

उत्तर सापडलं सकाळी. रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन पूर्ण गार. बॉनेट उघडलं तर वरचा होज मधोमध चपटा झालेला, कुणी चिमटीत धरून दाबल्यासारखा. मी टोपण हळूच फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत ओढली गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत होज फुगून पुन्हा गोल झाला. रेडिएटर गळ्यापासून चार बोटं रिकामा, आणि शेजारची कूलंटची बाटली मात्र काठोकाठ भरलेली.

तेव्हा सगळं लागोपाठ समजलं. या टोपणात दोन झडपा असतात. मोठी झडप स्प्रिंगवर बसते आणि ठरलेल्या दाबापलीकडे गेलेलं कूलंट बाटलीत सोडते. मधली छोटी झडप उलट्या बाजूची: इंजिन गार होऊन आतलं पाणी आकसलं की ती उघडते आणि बाटलीतलं कूलंट परत आत येतं. माझी छोटी झडप बंदच राहत होती. गेलेलं कूलंट परत येत नव्हतं, आत पोकळी तयार होत होती आणि तिने होज चपटा केला होता. मी दर आठवड्याला टोपण उघडून रेडिएटर भरत होतो आणि नवीन पाणी पुन्हा भरलेल्या बाटलीत जाऊन चालत्या गाडीतून रस्त्यावर सांडत होतं. चढावर हीटर गार का, तेही कळलं. पाणी कमी असलं की हीटरच्या उंचावरच्या नळ्यांत हवा भरते.

टोपण दाबमापकावर लावून पाहिलं. वर १.१ बार छापलेलं, पण ते सोडत होतं ०.५ च्या आसपासच. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं असेल तर उघड्यावर ते साधारण १०७ अंशांना उकळतं, १.१ बार दाबाखाली हीच मजल सव्वाशेच्या पुढे जाते. निम्म्या दाबावर ती बरीच खाली येते आणि लांब चढावर तेवढंच पुरतं. छोटी झडप नखाने उचलायला गेलो तर गंजाच्या चिखलाने घट्ट चिकटलेली.

नवीन टोपण त्याच आकड्याचं घेतलं. जास्त दाबाचं लावलं तर जुने होज आणि रेडिएटरचे सांधे फुटू शकतात. जुनं कूलंट काढून सिस्टीम फ्लश केली आणि डिस्टिल्ड वॉटर घालून नवीन मिश्रण भरलं. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, म्हणून ते टाळलं. सांडलेलं कूलंट लगेच धुतलं; ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

सर्वांत जास्त वेळ गेला हवा काढण्यात. गाडीचं नाक चढाकडे करून, हीटर फुल ठेवून, रेडिएटरच्या तोंडात नरसाळं बसवलं आणि इंजिन गार असतानाच चालू केलं. आधी मोठमोठे बुडबुडे आले, मग बारीक. थर्मोस्टॅट उघडला तशी पातळी एकदम खाली गेली, पुन्हा भरलं. रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद झाला, हीटरमधून कढत हवा यायला लागली, तेव्हाच टोपण लावलं.

नंतर ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं उपकरण) जोडून तोच चढ चढलो. काट्यावर विसंबलो नाही, कारण बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या टप्प्यात मध्यावरच थांबतो आणि फार उशिरा हलतो. आधी याच चढावर १०८ अंश पाहिलं होतं. आता ९४, एकदा ९६, आणि माथ्यावर पुन्हा ९३. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बॉनेट उघडलं. होज गोल होता आणि बाटलीतलं कूलंट दोन रेघांच्या मधोमध परत आलेलं होतं.