दोन उंचींचे टेबल : आमची वाटचाल

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या गाळ्यात २०२० पर्यंत दुकानांसाठी लोखंडी रॅक बनत असत. त्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आणि पुढे गाळा उघडण्याची परवानगी मिळाली तरी रॅकची मागणी काही परतली नाही. मागणी येऊ लागली ती ओळखीच्या मंडळींकडून, ज्यांची जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दिवसभर बसल्याने मान धरत होती. बसूनही आणि उभ्यानेही काम करता येईल असे टेबल त्यांना हवे होते. परंतु मोटरवर वर-खाली होणाऱ्या टेबलाची वीस हजारांच्या पुढची किंमत ऐकून ती परत फिरत.

आमचा पहिला नमुना सरळ होता : चौकोनी पाइपात सरकणारा दुसरा पाइप, दोन्हींना दर इंचावर भोके आणि आरपार खीळ. भोके जुळेनात, म्हणून जिग, म्हणजे भोके नेमक्या जागी पाडण्याचा साचा, करून घेतला. पावडर कोटिंगच्या, म्हणजे भुकटी भाजून चढवलेल्या रंगाच्या, थराने पाइप एकमेकांत अडकू लागले, म्हणून आतला पाइप एक माप लहान घेतला. त्याने ढिलाई वाढली आणि चाळीस इंचांवर टेबल डुलू लागले, म्हणून मागे तिरकस पट्टी आली. एवढा खटाटोप करून विकलेल्या टेबलांची तीन महिन्यांनी चौकशी केली, तेव्हा कळले की बहुतेकांनी खीळ पहिल्या दिवसानंतर काढलीच नव्हती. वरचे सामान उतरवा, दोघांनी मिळून टेबल उचला, चार खिळी लावा, हे दिवसातून तीनदा कोण करणार?

ही चर्चा चालू असताना आमचे सुतारमिस्त्री म्हणाले, “साहेब, टेबल उचलायचं कशाला? माणसाला उठू द्या की.” आजचे टेबल या एका वाक्यातून निघाले. खालची फळी बसण्याच्या उंचीवर पक्की. उजवीकडचे दोन पाय तसेच वर गेलेले आणि त्यांवर उभ्याने काम करण्यासाठी लहान फळी. बसायचे समोर, उभे राहायचे कडेला, आणि हलवायचा तो फक्त लॅपटॉप. या आराखड्यात बोर्डाचा हिशेबही छान बसला. आठ बाय चार फुटांच्या रबरवुड (रबराच्या झाडाचे लाकूड) बोर्डाचे चार बाय दोनचे चार तुकडे होतात. तीन खालच्या फळ्यांना जातात आणि चौथ्यातून तीन वरच्या फळ्या निघतात, म्हणजे एका बोर्डात तीन टेबले आणि वाया जातो तो केवळ करवतीचा भुसा. यामुळेच किंमत साडेसहा हजारांच्या आत राहिली.

चूक मात्र झाली, आणि ती आमचीच होती. वरची फळी आम्ही पूर्णपणे बाहेरच्या अंगाला काढली होती. एका ग्राहकाने उठताना तिच्यावर हाताचा भार दिला आणि टेबल लॅपटॉपसह कलंडले. लॅपटॉपची भरपाई दिली, विकलेली सर्व टेबले परत मागवून फळी निम्मी आत घेतली आणि तळाची पट्टी बाहेर वाढवली.

उंची ठरवण्यासाठी आम्ही ग्राहकाकडून दोन मापे घेतो : बसल्यावर आणि उभे असताना जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर. बाजारातले टेबल सर्रास तीस इंचांचे असते आणि पाच फुटांच्या व्यक्तीला त्यावर टंकलेखन करताना खांदे उचलावे लागतात. तिला त्याहून बरीच कमी उंची लागते. माप अनवाणीच घ्यावे असे आम्ही आवर्जून कळवतो, कारण घरात आपण बूट घालून काम करत नाही आणि तेवढ्या एका इंचानेही मनगट वाकते. लॅपटॉपचा पडदा उभ्यानेही खालीच राहतो, म्हणून लॅपटॉप उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड घ्यावा हेही आम्ही सांगतो, जरी तो आम्ही विकत नाही.

‘दिवसभर उभे राहा’ असे आम्ही जाहिरातीत कधीच लिहिले नाही. केरळात कापडदुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना कामाच्या वेळेत बसता यावे म्हणून लढा द्यावा लागला आणि २०१८ मध्ये तेथील कायद्यात तशी दुरुस्ती झाली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. उभे राहण्याला आरोग्याचा मंत्र म्हणून विकणाऱ्यांनी या स्त्रियांच्या पोटऱ्यांची विचारपूस करावी.

पावसाळ्यात फळ्या फुगून स्क्रू उपटण्याची तक्रार कोकणातून आली होती. स्क्रूची भोके लांबट केल्यापासून ती थांबली.

गेल्या वर्षभरात काही वडीलधाऱ्या ग्राहकांनी वेगळीच मागणी केली आहे : पेढीवरच्या मुनीमजींच्या उतरत्या डेस्कासारखे, जमिनीवर मांडी घालून बसता येईल असे टेबल. पहिला नमुना दहा इंचांचा केला, तो मांडीला लागतो. आता बारा इंचांचा करून पाहत आहोत.